अंडाशयाचा कर्करोग : लक्षणे कशी ओळखावीत आणि तपासणी कोणी करावी



स्मिता तळवलकर हे नाव मराठी घरांत कोणाला सांगावे लागत नाही. दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या, पुढे ‘कळत नकळत’, ‘चौकट राजा’, ‘सवत माझी लाडकी’ असे चित्रपट काढणाऱ्या स्मिताताई ६ ऑगस्ट २०१४ रोजी, साठीही पुरी न करता, अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या. अभिनेत्री मनीषा कोईराला यांना हाच आजार २०१२ च्या अखेरीस निघाला. त्यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली, त्या बऱ्या झाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या. म्हणजे हा आजार निघाला की सगळे संपले असे नाही. तो कधी आणि कोणत्या अवस्थेत सापडतो यावर पुष्कळ काही ठरते.

स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल आता बरेच बोलले जाते, शिबिरे होतात. अंडाशयाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि जे बोलले जाते त्यात गैरसमज बरेच. आम्ही डॉक्टर नाही, आमची नोकरी बँकेतली. पण मान्यताप्राप्त वैद्यकीय माहिती सोप्या भाषेत एका जागी असावी, म्हणून हा लेख केला आहे. तो माहितीपुरता आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावेत.

आजार कोणता

गर्भाशयाच्या दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. स्त्रीबीज तयार करणे आणि शरीराला लागणारी संप्रेरके पुरवणे हे त्यांचे काम. ती ओटीपोटात खोल असतात, हाताला लागत नाहीत. आजूबाजूला जागा भरपूर असल्याने तिथे गाठ वाढली तरी बराच काळ काही अडत नाही. आजार उशिरा कळण्याचे हे एक मोठे कारण.

या कर्करोगाचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत जास्त आढळणारा आणि घातक प्रकार बहुतेक वेळा अंडाशयाशेजारच्या बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून अंडाशयावर व पोटाच्या आतल्या आवरणावर पसरतो, असे आता मानले जाते. तो मुख्यतः पन्नाशीच्या पुढे होतो. शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलींना होणारा प्रकार वेगळा असतो. तो उपचारांना चांगला दाद देतो आणि बहुतेक वेळा पुढे मूल होण्याची क्षमताही राखता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा आजार होतो आणि सुमारे ३३ हजार त्याने दगावतात. भारतीय स्त्रियांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर याचाच क्रमांक लागतो. आजार अंडाशयापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातील नव्वदच्या आसपास स्त्रिया हयात असतात. पोटात पसरल्यावर सापडला तर हे प्रमाण तीसच्या आसपास येते. आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या गटातच सापडतात.

चार लक्षणे पाठ करावीत

या आजाराला लक्षणेच नसतात असे पूर्वी समजत. अमेरिकेत सिएटल येथील डॉ. बार्बरा गॉफ यांनी रुग्ण स्त्रियांना नीट विचारून अभ्यास केला, तेव्हा दिसले की बहुतेकींना निदानाच्या आधी काही महिने त्रास होत होता. तो साधा वाटला म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. ती लक्षणे अशी :

१. पोट फुगणे. पोट सतत गच्च वाटते, घेर वाढतो. जेवणानंतर फुगून रात्रीत उतरणारे पोट वेगळे. हे उतरत नाही.

२. थोडे खाल्ले तरी पोट भरणे. अर्ध्या पोळीत पुरे वाटते, भूक मंदावते.

३. ओटीपोटात किंवा पोटात दुखणे. जोराची कळ असेलच असे नाही. जड वाटणे, ओढ लागणे, कंबर धरणे असेही असते.

४. लघवीला वारंवार किंवा घाईने जावे लागणे. जळजळ नाही, तपासणीत जंतुसंसर्ग नाही, तरी फेऱ्या वाढतात.

यांच्या जोडीने कधी नव्याने बद्धकोष्ठ होते, थकवा येतो, कारण नसताना वजन उतरते. आजार पुढे गेलेला असेल तर पोटात किंवा छातीत पाणी होऊन धाप लागते.

हे वाचून पुष्कळ भगिनी म्हणतील, यातले निम्मे तर आम्हाला नेहमीच असते. बरोबर आहे. पोहे-शेव, सराफ्याची रात्र, एकादशीचा साबुदाणा, यानंतर पोट फुगणारच. म्हणून लक्षण कोणते यापेक्षा ते कसे वागते हे पाहायचे. त्याच्या तीन कसोट्या आहेत :

- नवे आहे का? वर्षभराच्या आत सुरू झालेले, पूर्वी नसलेले.
- वारंवार आहे का? महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस.
- टिकून आहे का? दोन-तीन आठवडे झाले, पथ्य केले, औषध घेतले, तरी हटत नाही.

तिन्हींना उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना दाखवावे. अशी लक्षणे असलेल्या शंभर स्त्रियांत कर्करोग एखादीलाच निघतो, बाकीच्यांचे कारण साधे असते. तेव्हा घाबरायचे कारण नाही. पण ती एक कोण हे घरबसल्या ठरवता येत नाही, हेही तितकेच खरे.

ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०११ पासून डॉक्टरांना एक सूचना दिली आहे, ती आपणही लक्षात ठेवावी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आतड्याच्या चिडचिडीसारखा, म्हणजे आयबीएससारखा त्रास सुरू झाला, तर अंडाशयाची तपासणी करावी. तो आजार सहसा तरुणपणी सुरू होतो, त्या वयात नव्याने क्वचितच.

एक साधी वही

दवाखान्यात गेल्यावर “किती दिवसांपासून?” या प्रश्नाला बहुतेकजणी “असेच, बरेच दिवस झाले” असे उत्तर देतात. त्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. बँकेत आम्ही रोजची नोंद रोज करत असू, कारण आठवणीवर हिशेब जुळत नाही. हेही तसेच आहे. एक लहान वही किंवा भिंतीवरचे कालनिर्णय घ्यावे. रोज रात्री चार लक्षणांपुढे फक्त खूण करायची : आज होते की नव्हते. जोडीला आठवड्यातून एकदा सकाळी अनशापोटी बेंबीजवळ पोटाचा घेर टेपने मोजून लिहायचा, आणि वजनही. तीन-चार आठवड्यांत चित्र स्पष्ट होते. वहीत बारापेक्षा जास्त खुणा दिसल्या तर वही घेऊनच जावे. त्रास वाढताच असेल, पोट भराभर वाढत असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर महिना पुरा होण्याची वाट पाहू नये. आणि अचानक ओटीपोटात असह्य कळ येऊन उलट्या झाल्या तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंडाशयाला पीळ पडला असेल तर तासांचा प्रश्न असतो.

घरच्यांचे काम

आपल्या घरांतून बाईचे दुखणे सगळ्यांत शेवटी दवाखान्यात जाते. आधी ओवा-हिंग, मग इसबगोल, मग मेडिकलवरून आणलेली ॲसिडिटीची गोळी, मग ‘लग्नकार्य उरकू दे’. यात चार-सहा महिने सहज जातात. म्हणून पुरुष मंडळींनी आणि मुला-सुनांनीही काही खुणा ओळखाव्यात. परकराची नाडी सैल बांधावी लागते पण दंड आणि चेहरा उतरत चालले आहेत, ताटातली पोळी उरते, रात्री दोनदा-तीनदा उठावे लागते, मंदिरापर्यंतची रोजची फेरी बंद पडली, अशा गोष्टी घरातल्यांना आधी दिसतात. वाढलेल्या पोटाला ‘अंग सुटले’ असे म्हणून विषय संपवू नये.

वडीलधाऱ्या बाईंकडे हा विषय काढणे अवघड जाते. “आई, तुम्हाला कॅन्सर तर नसेल?” असे विचारले तर त्या दवाखान्याचे नावच काढू देणार नाहीत. “आई, महिना झाला तुमचे जेवण कमी झालेय, एकदा दाखवून येऊ, मी बरोबर येते” एवढे पुरते. पुरुष डॉक्टरांकडे संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टरांकडे न्यावे. पण न्यावे.

डॉक्टर काय तपासतात

प्रथम पोट आणि आतून तपासणी, मग सोनोग्राफी. पोटावरून आणि शक्य असेल तर योनीमार्गे केलेली सोनोग्राफी अंडाशय जवळून दाखवते. ती दुखत नाही. त्यासोबत सीए-१२५ नावाची रक्ततपासणी करतात. नेहमीची मर्यादा ३५ युनिटची. तरुण मुलीत गाठ असेल तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या वेगळ्या तपासण्या लागतात.

सीए-१२५ चा आकडा एकटा वाचू नये. अंडाशयापुरत्या असलेल्या कर्करोगात सुमारे निम्म्या रुग्णांत तो वाढलेलाच नसतो. उलट पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, गर्भाशयाच्या फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, यकृताच्या आजारात तो कर्करोग नसताना वाढतो. आपल्या देशात पोटाच्या क्षयरोगाचीही आठवण ठेवावी लागते. पोटात पाणी, वजन घटलेले, सीए-१२५ कित्येकशे, असे चित्र क्षयरोगातही दिसते आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. म्हणून आकडा पाहून घरी रडारड करू नये. पेशींची किंवा तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय निदान पक्के नाही.

लक्षणे नसताना तपासणी करावी का?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण ‘महिलांसाठी संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजात आजकाल सीए-१२५ सर्रास असते. तपासणी म्हटली की ती चांगलीच असणार, असे आपण धरून चालतो. ते कुठे खरे ठरले आणि कुठे नाही, हे पाहू.

खरे ठरल्याचे उदाहरण आपल्याच मराठवाड्यातले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे ५२ गट करून चार भागांत वाटले. एका भागात गर्भाशयमुखासाठी एकदाच एचपीव्ही तपासणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर तपासणी न झालेल्या भागात ६४ मृत्यू झालेले होते. खेड्यापाड्यातल्या त्या भगिनींच्या सहभागावर जगभराची धोरणे बदलली. म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी प्रत्येकीने करावी, यात शंका नाही.

अंडाशयाबाबत तसेच होईल अशी आशा होती. ब्रिटनमध्ये डॉ. उषा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ स्त्रियांवर प्रचंड अभ्यास केला. काहींना दरवर्षी सीए-१२५, काहींना दरवर्षी सोनोग्राफी, काहींना काहीच नाही. सोळा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. रक्ततपासणीच्या गटात आजार काहीसा लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतील ७८,२१६ स्त्रियांच्या अभ्यासातही, ज्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले, मृत्यू घटले नाहीत. उलट ३,२८५ निरोगी स्त्रियांना तपासणीने खोटा इशारा दिला, त्यांतील १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली.

असे का होते, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, पाळी गेलेल्या २,५०० स्त्रियांत एकीला हा आजार आहे. तपासणी इतकी चांगली धरा की शंभर निरोगींपैकी अठ्ठ्याण्णव जणींना ती बरोबर निरोगी म्हणते. उरलेले दोन टक्के म्हणजे सुमारे ५० जणी. एका खऱ्या रुग्णामागे पन्नास जणींना ‘संशयास्पद’ असा कागद मिळेल. आजार विरळ असला की चांगल्या तपासणीचेही असेच होते.

म्हणून सर्वसाधारण धोका असलेल्या, लक्षण नसलेल्या स्त्रीने अंडाशयाच्या कर्करोगासाठी नियमित सीए-१२५ किंवा सोनोग्राफी करू नये, असा जगभरातील प्रमुख वैद्यकीय संस्थांचा सल्ला आहे. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये तो पुन्हा स्पष्ट केला. दुसरीकडे, गेल्या वर्षीच्या पॅकेजात आकडा १२ आला होता म्हणून आज फुगणाऱ्या पोटाकडे दुर्लक्ष करणे हा अधिक मोठा धोका आहे. लक्षण असेल तर जुना अहवाल बाजूला ठेवून नव्याने दाखवावे.

‘गाठ आहे’ असा अहवाल आला तर

सोनोग्राफीत अंडाशयावर ‘सिस्ट’ लिहून येणे फार सामान्य आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीत पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली लहान गाठ बहुतेक वेळा महिन्याच्या चक्राचाच भाग असते आणि दोन-तीन महिन्यांत विरते. गाठीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी किंवा अन्यत्र पसरल्याच्या खुणा असतील तर गोष्ट वेगळी.

जोखीम मोजण्याची एक जुनी पद्धत आकडेमोडीची आहे. वरच्या पाच खुणांपैकी एकही नसेल तर शून्य, एक असेल तर १, दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण. पाळी चालू असेल तर १, गेलेली असेल तर ३. या दोहोंचा आणि सीए-१२५ चा गुणाकार करायचा. पाळी चालू, एक खूण, सीए-१२५ ९० असेल तर १ × १ × ९० = ९०. पाळी गेलेली, दोन खुणा, सीए-१२५ ६० असेल तर ३ × ३ × ६० = ५४०. गुणाकार २०० ते २५० च्या वर गेला की कर्करोग-शल्यतज्ज्ञांकडे पाठवतात. पहा, दुसऱ्या उदाहरणात सीए-१२५ कमी असूनही जोखीम कितीतरी जास्त आहे. नवनवीन पद्धतीही आल्या आहेत, पण तत्त्व हेच : वय, सोनोग्राफी आणि रक्त एकत्र वाचायचे.

इथे बीड जिल्ह्याची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, अनेकींचे ऐन तिशीत. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना ‘काढले नाही तर कॅन्सर होईल’ अशी भीती घातली गेली होती. कर्करोगाची भीती अशीही वापरली जाते. म्हणून शस्त्रक्रिया सुचवली गेली तर तीन प्रश्न विचारावेत : संशय नेमका कशावरून? दोन महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी केली तर काय बिघडेल? दोन्ही अंडाशये काढणे गरजेचे आहे का? आणि दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. प्रामाणिक डॉक्टर याचा राग धरत नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. संशय खरोखर असेल तर पहिली शस्त्रक्रिया योग्य हातून होणे महत्त्वाचे. संशयास्पद गाठ सुई घालून रिकामी करणे किंवा घाईने फोडून काढणे यामुळे आजार पोटात पसरू शकतो. स्त्री-कर्करोगाच्या शल्यतज्ज्ञांकडूनच ती व्हावी. सोबत बहुधा तीन-तीन आठवड्यांनी केमोथेरपीच्या फेऱ्या असतात. पसरलेल्या आजारात कधी आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया करतात.

कोणाला धोका अधिक

सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत आजाराचे मूळ आनुवंशिक दोषात असते. बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा आजार होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२ मध्ये सुमारे १७ टक्के असते. इतर स्त्रियांत ती एक टक्क्याच्या आसपास. म्हणून घराण्याचा इतिहास लिहून ठेवावा. आई, बहीण, मुलगी, मावशी, आत्या, दोन्हींकडच्या आज्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा कर्करोग किंवा पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता का? घरातल्या पुरुषाला स्तनाचा झाला होता का? एकाच बाजूला आतड्याचे आणि गर्भाशयाचे कर्करोग आहेत का? दोष वडिलांकडूनही येतो, तेव्हा आत्या आणि वडिलांची आई विसरू नये. जुन्या पिढीत ‘पोटात गोळा झाला आणि गेली’ एवढेच सांगितले जाते. तेही लिहावे.

असा इतिहास असेल तर जनुकीय सल्लागारांना भेटावे. ज्या रुग्णेला हा कर्करोग झाला आहे तिची जनुकीय चाचणी सर्वप्रथम व्हावी, कारण त्यावर तिची औषधेही ठरतात आणि तिच्या बहिणी-मुलींना पुढची दिशा मिळते. दोष सापडल्यास मुले झाल्यावर, बीआरसीए-१ मध्ये ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात, बीजवाहिन्या व अंडाशये काढण्याचा सल्ला देतात. निर्णय मोठा आहे, तो सवडीने आणि पूर्ण माहितीने घ्यावा. लग्नाच्या बाजारात नाव खराब होईल म्हणून घराण्याचा आजार लपवणे मुलींच्याच जिवावर बेतते.

वय, मूल नसणे, एंडोमेट्रिओसिस यांनी धोका थोडा वाढतो. बाळंतपणे, अंगावर पाजणे, काही वर्षे घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया यांनी तो कमी होतो. मात्र यांपैकी कशानेही पूर्ण संरक्षण मिळत नाही.

इंदूरमध्ये कुठे, खर्चाचे काय

सुरुवात नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे करावी. परदेशीपुऱ्याला जवळचे म्हणजे नंदानगरचे ईएसआयसी रुग्णालय, तिथे विमाधारक कामगार व त्यांच्या कुटुंबीयांना सोय आहे. महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपले एमवाय, आणि एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेले शासकीय कर्करोग रुग्णालय सर्वांसाठी खुले आहे. खासगी मोठ्या रुग्णालयांतही कर्करोग विभाग आहेत. दुसरे मत हवे असेल तर अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठून परळच्या टाटा मेमोरियलला दाखवणारी कुटुंबे आपल्या भागातही आहेत. जाताना सोनोग्राफी-सीटीच्या सीडी, पॅथॉलॉजीचा अहवाल आणि शक्य असल्यास तुकड्याचे ब्लॉक व स्लाइड सोबत न्याव्यात. नाहीतर तपासण्या पुन्हा कराव्या लागतात.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळते. ते आधीच काढून ठेवावे. खासगी आरोग्य विम्यात प्रतीक्षाकाळाचे कलम वाचावे. लक्षणे किंवा जुने अहवाल अर्जात लपवू नयेत, दावा नाकारला जाण्याचे ते नेहमीचे कारण असते. पॉलिसीची प्रत कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.

नेहमीचे गैरसमज

“पिशवी काढली, आता काळजी नाही.” पिशवी म्हणजे गर्भाशय. अनेकदा अंडाशये ठेवलेली असतात. डिस्चार्ज कार्ड शोधून काय काढले ते पाहावे.

“पॅप तपासणी स्वच्छ आली.” ती गर्भाशयमुखाची. अंडाशयाबद्दल ती काही सांगत नाही. एचपीव्ही लसही गर्भाशयमुखासाठी आहे. दोन्ही जरूर घ्याव्यात, पण त्यांच्या कामासाठी.

“पाळी गेली, आता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे कशाला?” हा आजार मुख्यतः त्यानंतरच होतो.

“पीसीओडी म्हणजे कर्करोगाची सुरुवात.” नाही. तरुण मुलींतील पीसीओडीच्या बारीक गाठी कर्करोगाच्या नसतात.

“आमच्या घरात कोणाला नाही.” बहुतेक रुग्णांच्या घरात पूर्वी कोणालाच नसतो.

थोडक्यात

लक्षण नसेल तर पॅकेजमधल्या आकड्याच्या मागे लागू नये. गर्भाशयमुख आणि स्तन यांची तपासणी मात्र वेळेवर करावी. पोट फुगणे, लवकर पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, लघवीला वारंवार जाणे, यांपैकी काही नव्याने सुरू होऊन महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस राहिले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि अंडाशय पाहिले का हे स्पष्ट विचारावे. औषधाने दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा जावे. घराण्याचा इतिहास या दिवाळीत सगळे एकत्र येतील तेव्हा लिहून काढावा.

या लेखाची छापील प्रत काढून ज्या आजी-काकू मोबाइल वापरत नाहीत त्यांना वाचून दाखवली, तर आम्हाला समाधान वाटेल.